एकाच डिशवर १३, १९.२ आणि २८.२ पूर्व: मधली जागा कोणाची?

नवा_भिडू · शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

घरावर १०० सेंमीची ऑफसेट डिश आहे, आधी राहणारे मागे ठेवून गेलेले. तिच्यावर एकच एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसून सिग्नल पकडणारा डबा), तो १९.२ अंश पूर्व रेखांशावरच्या अ‍ॅस्ट्रावर, आणि चालतंय झकास. मला त्याच डिशवर आणखी दोन हवेत: १३ पूर्व म्हणजे हॉट बर्ड आणि २८.२ पूर्व म्हणजे अ‍ॅस्ट्रा २. माझा अक्षांश साधारण ५० उत्तर, रेखांश १० पूर्व. तीन युनिव्हर्सल एलएनबी, चार तोंडांचा डायसेक स्विच (रिसिव्हर सांगेल तो एलएनबी जोडणारा) आणि एलएनबी बसवायची आडवी पट्टी आणून ठेवली आहे.

डोक्यात योजना अशी: १९.२ मधोमध आहेच, त्याला हात लावायचा नाही. १३ एका बाजूला, २८.२ दुसऱ्या बाजूला. दोन प्रश्न. एलएनबींमध्ये अंतर किती ठेवायचं? आणि हे एका दुपारचं काम आहे ना?

ओळंबा · शनिवार, रात्री ९.३२

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही.

पहिल्याआधी माझा एक प्रश्न. खांब ओळंब्यात आहे का? डोळ्यांनी बघून सांगू नका. दोऱ्याला नट बांधा आणि दोन बाजूंनी लावून बघा, एकदा समोरून, एकदा काटकोनातून. खांब तिरका असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना उंचीचा कोनही गुपचूप बदलत राहतो. मग तुम्ही एक बोल्ट सैल करता, दुसरा आवळता, पुन्हा पहिला सैल करता, आणि संध्याकाळ होते.

डेसिबल · शनिवार, रात्री १०.०५

आकडे देतो, म्हणजे अंदाजपंचे थांबेल.

हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किमीवर एकाच पट्ट्यात आहेत. आर्थर क्लार्कने १९४५ साली ही कल्पना मांडली म्हणून त्याला क्लार्क पट्टा म्हणतात. जमिनीवरून हा पट्टा आपल्याला कंसासारखा दिसतो, मध्ये उंच आणि दोन्हीकडे झुकलेला. तुमच्या ५० उत्तर, १० पूर्व जागेवरून (दिगंश म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन, उंची म्हणजे क्षितिजापासूनचा कोन, दोन्ही अंशांत):

१३ पूर्व: दिगंश १७६, उंची ३२.६
१९.२ पूर्व: दिगंश १६८, उंची ३२.०
२८.२ पूर्व: दिगंश १५७, उंची ३०.१

आपण पृथ्वीच्या केंद्रात नाही, पृष्ठभागावर बसलोय. त्यामुळे दोन उपग्रहांमधलं अंतर कागदावरच्यापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त दिसतं. १३ ते १९.२ हे कागदावर ६.२ अंश, तुमच्या डिशला मात्र ६.८. तसंच १९.२ ते २८.२ कागदावर ९, प्रत्यक्षात ९.९ च्या आसपास.

आता एलएनबींमधलं अंतर. डिशचं नाभीय अंतर (डिशपासून किरण एकवटतात त्या फोकसपर्यंतचं) गुणिले त्या कोनाचा टॅन्जंट. १०० सेंमीच्या ऑफसेट डिशचं नाभीय अंतर बहुधा ६० सेंमीच्या जवळ असतं. म्हणजे ७.२ सेंमी आणि १०.४ सेंमी. प्रत्यक्षात एलएनबी याहून किंचित बाहेर बसतो, कारण वाकड्या पृष्ठभागावरून तिरपा आलेला किरण सपाट आरशासारखा वागत नाही. ७.५ आणि १०.७ पासून सुरुवात करा आणि मीटर बघत सरकवा.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. १९.२ ला मधोमध ठेवू नका. फोकसची जागा सगळ्यात कमजोर उपग्रहाची. तुमच्या तिघांत कमजोर कोण?

नवा_भिडू · शनिवार, रात्री १०.२०

बापरे, टॅन्जंट. शाळेत सोडून आलो होतो तो.

कमजोर कोण ते कसं कळणार?

डेसिबल · शनिवार, रात्री १०.४१

पदचिन्ह बघून. म्हणजे उपग्रहाचा झोत जमिनीवर कुठवर आणि किती ताकदीने पडतो त्याचा नकाशा. १९.२ आणि १३ चे मुख्य झोत अख्ख्या युरोपभर पसरलेले आहेत, तुमच्याकडे ६० सेंमीतही येतील. २८.२ ची गोष्ट निराळी. अ‍ॅस्ट्रा २एफ, २ई आणि २जी हे २०१२ ते २०१४ या काळात सोडलेले उपग्रह. त्यांच्यावरचा ब्रिटनसाठीचा झोत मुद्दाम अरुंद ठेवलाय, कारण ते चॅनेल तिथल्यांसाठीच आहेत. तुम्ही त्या झोताच्या काठावर बसलाय. तुमची १०० सेंमीची डिश जर कोणासाठी मोठी असेल तर ती २८.२ साठी. बाकी दोघे उरल्यासुरल्यावर सुखाने जगतील.

मोटरप्रेमी · शनिवार, रात्री ११.१५

एवढी उठाठेव कशाला? एक मोटर लावा, एकच एलएनबी, सगळा कंस तुमचा. प्रत्येक उपग्रह बरोब्बर फोकसमध्ये, कोणी कडेला नाही. यूएसएएलएस असेल तर आपला अक्षांश-रेखांश रिसिव्हरमध्ये भरायचा, बाकीचा हिशेब तोच करतो. (स्टॅब नावाच्या इटालियन मोटरवाल्यांनी काढलेली पद्धत, आता जवळपास सगळ्या रिसिव्हरांत असते.) माझी डिश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिची घरघर ऐकू आली की कळतं, घरातलं कोणीतरी चॅनेल बदलतंय.

पक्कड_पाना · रविवार, सकाळी ७.५०

मोटरप्रेमी, आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कोणाला दुसऱ्या उपग्रहावरचं काही बघायचं असेल तर? मोटर एकट्याने राहणाऱ्याचं वाद्य आहे. माझ्याकडे चार वर्षं होती, म्हणून सांगते. सेकंदाला एखाद-दोन अंश सरकते, एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर चहा होतो. आणि ज्या मोटरचा खांब ओळंब्यात नाही तिला मधला उपग्रह सापडतो, कडेचे कधीच नाही.

नव्या भिडूंना तीनच हवेत. तीन एलएनबी आणि स्विच, बास. अगदी तासाभरात जरी बिघडलं तरी पाना घेऊन दुरुस्त करता येतं.

तर दादा, कामाला लागण्याआधी:

रिसिव्हर बंद म्हणजे प्लगमधून काढून बंद. एलएनबीला वीज त्याच केबलमधून वर जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. चालू असताना केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर फिरवताना केबलची बाहेरची जाळी आतल्या तारेला चाटली की रिसिव्हरचं तोंड गेलं.

केबल सोलताना बाहेरच्या जाळीचा एकही केस आतल्या तांब्याच्या तारेला लागता कामा नये. कनेक्टर लावल्यावर तोंडात बघा, उजेडाकडे धरून. तार तोंडाच्या पुढे दोन-एक मिलिमीटर आली पाहिजे, त्याहून जास्त नको.

एलएनबीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, कनेक्टरात जाणार नाही. वरून स्वतःला चिकटणारा रबरी टेप. साधा इन्सुलेशन टेप उन्हात सहा महिन्यांत सुटतो आणि आत पाणी धरून ठेवतो, तो नसलेला बरा.

आणि डिशचा खांब व केबलची जाळी अर्थिंगला जोडलेली आहे का ते बघून घ्या. जुन्या डिशवर ते बहुतेक वेळा कोणीतरी कापून टाकलेलं असतं.

नवा_भिडू · रविवार, रात्री ८.३०

अहवाल.

ओळंबा, तुमचं ऐकलं. खांब एका बाजूला बोटभर कललेला निघाला. खालचे बोल्ट सैल करून वॉशर घातले, आता दोरा दोन्हीकडून खांबाला समांतर.

डेसिबल, माफ करा, पण चालू असलेली डिश हलवायचा धीर झाला नाही. १९.२ मध्येच ठेवला. २८.२ पूर्वेकडचा, म्हणून तो एलएनबी पूर्वेच्या बाजूला, १३ चा पश्चिमेला, अंतरं तुम्ही दिली तीच. आणि आता गंमत ऐका. दोन्ही बाजूंना सिग्नल आला! उड्या मारल्या. स्कॅन लावला तर १३ च्या एलएनबीवर सगळे अरबी चॅनेल आणि २८.२ वर दोन-तीन नावं नसलेल्या नोंदी, चित्र काहीच नाही. उपग्रहच बदलले की काय?

डेसिबल · रविवार, रात्री ८.५२

उपग्रह जागेवर आहेत, तुम्ही बाजू उलट्या केल्यात :)

डिश हा आरसा आहे. डावीकडून आलेला किरण उजवीकडे जातो, वरून आलेला खाली. पूर्वेच्या उपग्रहाचा एलएनबी पश्चिमेच्या बाजूला बसतो. डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे बघा, पूर्व तुमच्या डावीकडे असेल. २८.२ चा एलएनबी उजवीकडे हवा, १३ चा डावीकडे.

तुमचा १३ वाला आत्ता १९.२ च्या पलीकडे तेवढाच पूर्वेला बघतोय, म्हणजे २५.४ च्या आसपास. तिथून अर्ध्या अंशावर २६ पूर्वेचा बद्र आहे. अरबी चॅनेल तिथले. आणि २८.२ वाला बघतोय १०.२ कडे, तिथे १० पूर्वेचा युटेलसॅट. स्कॅन झाल्यावर नेटवर्कच्या माहितीत कक्षीय स्थान लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. चॅनेलच्या नावांवरून उपग्रह ओळखायला जाल तर फसाल.

ओळंबा · रविवार, रात्री ९.०४

ही चूक न केलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मी केली तेव्हा मला सांगायला कोणी नव्हतं, तीन दिवस गेले.

कमी_अक्षांश · सोमवार, दुपारी १.१५

धाग्यात घुसतोय, पण प्रश्न जवळचाच आहे. माझा अक्षांश २०, आणि उपग्रह माझ्या रेखांशापासून २० अंश पूर्वेला. उंची ५७ अंश, दिगंश १३३, डिश बरोबर तिकडेच आहे. रिसिव्हरवर स्ट्रेंग्थ ९० टक्के, क्वालिटी मात्र १५-२० च्या वर जात नाही. काही चॅनेल अडखळत येतात, बाकी काळे. एलएनबी बदलून बघितला, फरक शून्य.

डेसिबल · सोमवार, दुपारी १.४०

स्ट्रेंग्थ विसरा. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की केबलमधून काहीतरी येतंय, आणि त्या काहीतरीत एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही धरलेला असतो. बघायची ती क्वालिटी, म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती वर आहे ते, शक्यतो डीबीमधली (डेसिबलमधली).

तुमचा एलएनबी दांड्यात सरळ उभा बसवलाय का? ० च्या खुणेवर?

कमी_अक्षांश · सोमवार, दुपारी १.५२

हो, अगदी काटेकोर सरळ.

डेसिबल · सोमवार, दुपारी २.२०

तिथेच घोळ आहे. सरळ ध्रुवणाच्या (म्हणजे लहरी एकाच सरळ दिशेत कंप पावतात अशा) उपग्रहावर एकाच फ्रिक्वेन्सीला दोन वेगळे सिग्नल येतात, एक उभा, एक आडवा. एलएनबी त्यांना वेगळं ओळखतो ते फक्त दिशेवरून. पण उपग्रहाचं "आडवं" म्हणजे विषुववृत्ताला समांतर, आणि तुमच्या जागेवरून तो पट्टा कडेला झुकलेला दिसतो. नवा_भिडूंकडे १९.२ साठी हा कल ७-८ अंश आहे, चुकला तरी चालून जातं. तुमच्याकडे चक्क ४३! ४५ ला उभा आणि आडवा अर्धा-अर्धा मिसळतो. म्हणजे तुम्ही जवळजवळ सर्वात वाईट कोनात आहात.

दिशा कशी लक्षात ठेवायची? डिशच्या मागे उभे राहा आणि मनात तो कंस काढा. उत्तर गोलार्धात पूर्वेचा भाग डावीकडे खाली उतरत जातो. एलएनबीही तसाच कलवा, जणू तो त्या कंसावर ठेवलाय. मागून बघताना घड्याळाच्या उलट, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने. ४३ पर्यंत नेऊन मग क्वालिटी बघत दोन-चार अंश इकडेतिकडे करा.

वर्तुळाकार ध्रुवण असेल तर ही भानगड नसते, तिथे एलएनबी कसाही फिरवा.

कमी_अक्षांश · सोमवार, संध्याकाळी ६.३५

दंडवत स्वीकारा. क्वालिटी ७८. दोन एलएनबी उगाच विकत घेतले. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मोटरप्रेमी · सोमवार, रात्री ९.००

मोटरवर डिशच कंसावरून फिरते, त्यामुळे हा कल आपोआप साधतो. नुसतं सांगून ठेवतोय. :)

नवा_भिडू · गुरुवार, रात्री १०.१०

बाजू बदलल्या. तिन्ही उपग्रह आले! कडेचे एलएनबी डिशच्या मध्याकडे थोडे वळवायचे असतात हे कुठेतरी वाचलं होतं, तेही केलं. रिसिव्हरवरचे आकडे: १९.२ वर १५.२ डीबी, १३ वर १४.५, २८.२ वर ७.४. तीन दिवस मजेत गेले.

आज पाऊस आला. मोठा नाही, नुसती रिपरिप. २८.२ चे एचडी चॅनेल आधी चौकटी-चौकटी झाले, मग गेले. एसडीमधले काही तग धरून होते. १९.२ ला काही म्हणता काही झालं नाही.

दुसरं एक विचित्र. १३ वर अर्धेच चॅनेल सापडतात. यादीत ११.७ गिगाहर्ट्झच्या वरचे ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचे प्रक्षेपक) सगळे रिकामे, खालचे सगळे ठणठणीत. बाकी दोन उपग्रहांवर असं नाही.

डेसिबल · गुरुवार, रात्री १०.३८

पाऊस आधी. डीव्हीबी-एस२ या डिजिटल मानकात सिग्नल बांधायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. एचडीला बहुधा वापरतात ती ८पीएसके २/३ उघडायला साधारण ६.६ डीबी लागतात. क्यूपीएसके ३/४ ला ४ पुरतात. तुमच्याकडे ७.४. म्हणजे हातात शिल्लक एक डीबीही नाही. केयू बँडला (हे उपग्रह वापरतात तो १०-१२ गिगाहर्ट्झचा पट्टा) एवढ्या पावसाने एक-दोन डीबी सहज खाल्ले. तेच १५ मधून गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. एक कडा अशी असते की तिच्या अलीकडे चित्र स्वच्छ, पलीकडे काहीच नाही. जुन्या अ‍ॅनालॉगसारखं मुंग्या-मुंग्या होऊन इशारा मिळत नाही.

पहिल्याच दिवशी सांगितलं तेच पुन्हा: २८.२ ला मध्ये आणा. फोकसपासून दहा अंश बाजूला ठेवून तुम्ही त्याचा एखादा डीबी घालवताय, आणि नेमका तोच डीबी तुम्हाला हवाय.

ओळंबा · गुरुवार, रात्री ११.०२

इथे थोडा असहमत. २८.२ मध्ये आणला की १३ साडेसोळा अंश बाजूला जातो. एवढ्या बाजूला डिश एलएनबीला नीट "दिसत" नाही, झोत फाटतो, शेजारचे उपग्रह आत डोकावतात. मी असतो तर मधला बिंदू २८.२ आणि १९.२ च्या मध्ये धरला असता.

डेसिबल · गुरुवार, रात्री ११.२०

मुद्दा रास्त. पण १३ कडे साडेचौदा डीबी आहेत. त्याचे तीन गेले तरी साडेअकरा उरतात. श्रीमंताच्या खिशातून घ्या, गरिबाच्या कशाला? शेजाऱ्यांचं म्हणाल तर १०० सेंमीच्या डिशचा झोत १२ गिगाहर्ट्झला पावणेदोन अंशांचा असतो. फाटून अडीच-तीन झाला तरी १३ च्या जवळ तेवढ्या अंतरात कोण आहे? १० आणि १६, दोन्ही तीन अंशांवर.

पक्कड_पाना · शुक्रवार, सकाळी ८.०५

तुमचं डीबीचं भांडण चालू द्या, मी अर्ध्या चॅनेलांचं बघते.

युनिव्हर्सल एलएनबीच्या पोटात दोन ऑसिलेटर असतात, ९.७५ आणि १०.६ चा. ११.७ च्या खालचं पहिल्याने, वरचं दुसऱ्याने. कोणता लावायचा हे रिसिव्हर २२ किलोहर्ट्झच्या टोनने सांगतो. टोन नाही तर खालचा पट्टा, टोन आहे तर वरचा. उभं-आडवं हे १३ आणि १८ व्होल्टने. त्यामुळे काय गायब आहे यावरून चोर सापडतो:

फक्त आडवे गेले असतील तर १८ व्होल्ट वर पोचत नाहीत. केबल फार लांब, किंवा आतली तार तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, किंवा कनेक्टर हिरवा पडलाय.

फक्त वरचा पट्टा गेला असेल तर टोन पोचत नाही.

सगळंच गेलं असेल तर मी आधी सांगितलेला जाळीचा केस शोधा.

तुमच्याकडे एकाच उपग्रहाचा वरचा पट्टा गेलाय. म्हणजे रिसिव्हर आणि मुख्य केबल बरी आहे. गोंधळ डायसेक स्विच ते १३ चा एलएनबी या तुकड्यात. आधी मेनूत बघा, १३ ला एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सलच निवडलाय ना? मग त्या तुकड्यात एलएनबी आणि केबलशिवाय आणखी काय आहे ते सांगा.

नवा_भिडू · शुक्रवार, दुपारी १२.४५

मेनू बरोबर आहे. त्या तुकड्यात... हं. केबल कमी पडत होती म्हणून दोन तुकडे जोडले. जोडणीसाठी जुन्या सामानात एक छोटा डबा सापडला, दोन तोंडं एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. त्यातून केबल काढली. तो नुसता जोडच आहे ना? वर ०/२२ असं काहीतरी लिहिलंय.

पक्कड_पाना · शुक्रवार, दुपारी १२.५८

सापडला चोर!

तो जोड नव्हे, २२ किलोहर्ट्झचा जुना स्विच आहे. टोन नसेल तर "०" लिहिलेलं तोंड उघडतो, टोन आला की "२२" चं. तुमचा एलएनबी ० वर असणार. रिसिव्हरने वरच्या पट्ट्यासाठी टोन पाठवला की हा डबा प्रामाणिकपणे दुसरं तोंड उघडतो, आणि तिथे काहीच जोडलेलं नाही. काढून टाका. केबल जोडायला साधा एफ जोड लावा, त्याहून उत्तम म्हणजे अखंड नवी केबल, ७५ ओहमची आरजी-६.

ओळंबा · शुक्रवार, दुपारी १.३०

+१. अवांतर: जुन्या सामानाच्या डब्यातल्या कुठल्याही वस्तूवर काही लिहिलेलं असेल तर ते वाचल्याशिवाय डिशला लावू नये.

नवा_भिडू · रविवार, संध्याकाळी ७.२०

शनिवार-रविवार दोन्ही गेले, पण अहवाल गोड आहे.

डबा काढला, अखंड केबल टाकली. १३ चा वरचा पट्टा तत्क्षणी आला.

मग छाती घट्ट करून डिश हलवली. आधी खांबावर आणि ब्रॅकेटवर मार्करने सध्याच्या जागेची खूण केली, म्हणजे फसलं तर परत येता येईल. मधल्या एलएनबीची केबल सरळ रिसिव्हरला लावली, स्विच मधून बाजूला. डिश पूर्वेकडे थोडी थोडी सरकवत, उंची दोन अंशांनी कमी करत गेलो. एक गोष्ट हाताला कळली: झपाझप फिरवून चालत नाही. सरकवायचं, मनात पाच मोजायचे, रिसिव्हरला कुलूप लागायला वेळ द्यायचा, मग पुढे. पहिल्यांदा मी २८.२ वरून दोनदा तसाच पुढे निघून गेलो होतो. सापडल्यावर दोन्ही बाजूंना क्वालिटी सारखीच पडेल अशा दोन खुणा केल्या आणि त्यांच्या बरोबर मध्ये डिश आणली. शिखर शोधण्यापेक्षा हे सोपं गेलं. बोल्ट आवळताना डिश पुन्हा जराशी हलली, म्हणून थोडं या बाजूचा, थोडं त्या बाजूचा असं करत आवळले.

आता बाकी दोघे एकाच बाजूला आले, डिशच्या मागून बघताना डावीकडे. १९.२ चा एलएनबी मधल्यापासून १०.७ सेंमीवर, १३ चा १८.६ वर. आकाशात ते दोघे उंच, म्हणून पट्टीवर खाली: एक २ सेंमी, दुसरा अडीचच्या थोडा वर. पट्टी सरळ असल्याने दोन्ही नेमके बसेनात, १९.२ च्या पकडीखाली रबराचा तुकडा घालून निभावलं. दिसायला ध्यान आहे, पण चालतं.

नवे आकडे: २८.२ वर ८.८, १९.२ वर १४.१, १३ वर ११.९. काल रात्री चांगला पाऊस झाला. २८.२ चा आकडा ७.३ पर्यंत उतरला आणि चित्र हललं नाही. आम्ही दोघं टीव्हीऐवजी तो आकडाच बघत बसलो होतो.

डेसिबल · रविवार, संध्याकाळी ७.४८

अभिनंदन! ओळंबा, बघा, १३ चे अडीचच गेले.

ओळंबा · रविवार, संध्याकाळी ८.०१

बघितलं. मानलं. पण १३ चे आकडे ढगाळ दिवशी पुन्हा द्या म्हणावं.

पक्कड_पाना · रविवार, रात्री ८.३०

छान केलंत दादा. आता एकच: वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास, दुपारच्या सुमारास एकेका उपग्रहाचं सगळं काही मिनिटं जाईल. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नलला बुडवतो. उत्तर गोलार्धात मार्चमध्ये विषुवदिनाच्या आधी, सप्टेंबरच्या वेळी मात्र विषुवदिन उलटल्यावर. तेव्हा पाना घेऊन वर जाऊ नका, दहा मिनिटांत आपोआप येतं. उलट त्या मिनिटाला डिशवर नजर टाका. एखाद्या फांदीची किंवा कठड्याची सावली डिशवर पडलेली दिसली तर समजायचं, ती उपग्रहाच्याही वाटेत आहे.

कमी_अक्षांश · रविवार, रात्री ९.१०

ताई, हे भारी आहे! माझ्या समोर एक झाड वाढतंय, त्याचा निकाल आता लागेल.

नवा_भिडू · सोमवार, रात्री ९.४०

स्विचचं चौथं तोंड रिकामं दिसतं ना, ते झोपू देत नाही. २३.५ पूर्वेचा अ‍ॅस्ट्रा ३ जवळजवळ २८.२ आणि १९.२ च्या मध्ये आहे. डेसिबलच्या सूत्राने मोजलं: १९.२ पासून ५ सेंमी. पण एलएनबीचं तोंडच ६ सेंमीचं! दोन एलएनबी जोडून येतो तो मोनोब्लॉक ४.३ अंशांसाठीही मिळतो असं वाचलं. तो चालेल?

डेसिबल · सोमवार, रात्री १०.०२

मोनोब्लॉकमधलं अंतर कारखान्यातच ठरलेलं असतं आणि ते साधारण ८० सेंमीच्या डिशला धरून. तुमच्या १०० वर एक बसवलात की दुसरा चुकेल.

बारीक तोंडाचे एलएनबी येतात, ४ सेंमीच्या आसपासचे. तुमच्या दोघांच्या मध्यांत १०.७ सेंमी आहेत, त्यातून दोन्हीकडची तीन-तीन सेंमी वजा करा. उरतात ४.७. एक बारीक एलएनबी मध्ये बसेल, पण पकड मात्र पट्टीच्या खालून लावावी लागेल.

मोटरप्रेमी · सोमवार, रात्री १०.१५

मोटर.

नवा_भिडू · सोमवार, रात्री १०.२२

उद्या कॅलिपर घेऊन वर जातो. ४.७ आहे की साडेचार, ते मोजून सांगतो.